चौदा नंबरचा आवाज

प्रिय सहाना,

फोनवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं सोडून ही बया मराठीत पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. त्यातून तुला देवनागरी अक्षरं जुळवत जुळवत वाचावी लागतात. मंडी मोहल्ल्यात तुमच्याकडे मराठी पत्र आलं, साधी लग्नपत्रिका आली, तरी आजोबा सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तूच मला सांगितलं होतंस. ते लक्षात ठेवूनच लिहितेय.

पायाची सूज उतरली का? इकडची बातमी म्हणजे मी एसपीएल झाले. शाळेची विद्यार्थी-नेता! सोमवारी प्रार्थनेनंतर बिल्ला लावणार आणि ‘ट्रेकमधून मी नेतृत्वाबद्दल काय शिकले’ यावर मी भाषण करायचं. बाबांनी अर्ध्या कुवेंपुनगरला कळवून टाकलंय. आईनं श्रीखंड केलं होतं, ते मी तसंच वाटीत ठेवून उठले. भाषण चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. आईला वाटलं, मला स्टेजची भीती वाटतेय.

सातवीत मी नाशिकहून म्हैसूरला आले तेव्हा कन्नडचं एक अक्षर कळत नव्हतं. वर्गात मराठी बोलणारी तू एकटी. डबा कुठे खायचा, कुठल्या मिसला काय चालत नाही, सगळं तू सांगितलंस. आणि मी घरी जाऊन काय करायची, माहितेय? तुझी नक्कल. ‘स्वल्प थांब की ग, मी येते मा’ असं तुझ्यासारखं हेल काढून म्हटलं की आई-बाबा पोट धरून हसायचे. पाहुणे आले की फर्माईश व्हायची. तीन वर्षांत तुझा आवाज मला इतका जमला, की एकदा मी फोनवर तुझ्या आईलाही फसवलं होतं. तेव्हा तूही हसली होतीस. पण घरी तुझ्या मराठीची नक्कल रोज चालते, हे तुला आज पहिल्यांदा कळतंय. मला लाज वाटते.

आता कुंती बेट्टच्या डोंगरावरल्या ट्रेकची गोष्ट. वीस जणांचा आपला गट, मी लीडर. प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी आपापला नंबर ओरडायचा, वीस पूर्ण झाले की सर वळणापलीकडून शिट्टी वाजवणार आणि मगच पुढे निघायचं. पूर्ण गट घेऊन जो आधी वर पोहोचेल, झेंडा त्याचा. दुसऱ्या गटाचे आवाज अगदी जवळ येत होते. तिसऱ्या थांब्यावर तेरा झाले आणि तुझा चौदा काही येईना. तू मागे राहिली होतीस. सगळे गुडघ्यांवर हात टेकून, माना खाली घालून धापा टाकत होते. मी एक क्षण वाट पाहिली. एकच. मग तोंड फिरवून तुझ्या आवाजात ओरडले, ‘फोर्टीऽन, मिसऽ!’ वळणापलीकडे मिस नव्हत्याच, सर होते. पण तुझी सवय तीच, म्हणून मीही तसंच म्हटलं. पंधरा, सोळा, वीस. शिट्टी वाजली. तू चार पावलांवर असशील, येशीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

झेंडा आम्हाला मिळाला. तो हातात आल्यावर सरांनी डोकी मोजली, तर एकोणीस. त्यांनी विचारलं, तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, मागच्या थांब्यावर ती होती, नंतर स्वतःच वाट सोडून गेली असेल. सरांना तू सापडलीस पाऊण तासानं, त्या थांब्याच्या खालच्याच दगडाआड, पाय मुरगळून बसलेली. बसमध्ये मी तुझ्याशेजारी बसले, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ‘माझा आवाज मीच ऐकले की ग.’ मग तूच म्हणालीस, ‘परवागिल्ल, बिडे.’ असू दे, सोड. तू चिडली असतीस तर मी भांडले असते, खोटं रेटून नेलं असतं. पण तू मला माफ केलंस आणि माझी पळवाटच बंद झाली.

तरी मी गप्प राहिले. बेशिस्तीबद्दल तुला शाळेच्या बँडमधून काढलं, तेव्हाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत तू ड्रम घेऊन जाणार, महाराजांच्या फौजेतल्या तुमच्या पूर्वजांनंतर घरातून तूच पहिली, म्हणून आजोबांनी कोपऱ्यावरची जागासुद्धा हेरून ठेवली होती. बँडची यादी सोमवारी संध्याकाळी पक्की होतेय.

हे पत्र मराठीत का, ते आता सांगते. आजोबा, हे तुम्हीच वाचत असाल. थांबू नका, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. तुमच्या नातीनं वाट सोडली नव्हती. तिला बँडमधून काढलं त्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत तुम्ही उभे होतात आणि साक्षीदार म्हणून मला खुर्ची दिली होती. तुम्ही हात जोडून तिच्या चुकीची माफी मागितलीत. मग माझ्याकडे वळून, मला लेक म्हणत म्हणालात, ‘तू होतीस म्हणून बरं झालं, मगळे.’ मी मान डोलावली, आजोबा. तुमच्या डोळ्यांत बघून मान डोलावली. सहाना तुम्हाला हे कधीच सांगणार नाही, म्हणून तुमच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवतेय. काल आई-बाबांना सगळं सांगितलं. सोमवारी भाषणाऐवजी हेच सांगणार आहे, पण त्याआधी, पावणेआठला, मुख्याध्यापिकांच्या खोलीत. तुम्ही याल का? या वेळी मी उभी राहीन. खुर्चीवर तुम्ही बसा.

सहाना, अजूनही म्हणू देशील तर,
तुझीच,
अवनी