दिवसाला दिवस

मंगळवार, १४ जून १९६०. सकाळी पावणेनऊ.
घरातला चिखल फावड्यानं काढत होतो. पाऊस वाढला म्हणून लिहायला बसलो.
घर उभं आहे हेच नवल! भूकंपानंतरच्या लाटेनं किनाऱ्यावरची सगळी घरं फोडली. आमचं लाकडी घर तेवढं खांबांवरून उचललं आणि अख्खं वाळूत ठेवलं. आई होडीत होती. ‘जमीन हलते, पाणी काय हलणार’ म्हणाली आणि जाऊन बसली. होडी सापडली नाही.
दर भरतीला पाणी उंबऱ्याला लागतं. अमावास्येच्या भरतीत घर जाणार. त्याआधी टेकडीवर ओढून न्यायला हवं. पण टेकडीवर माझी वीतभर जमीन नाही.
झोपायला वरच्या गावातल्या शाळेत. किनाऱ्यावरची अकरा कुटुंबं आणि मी. माझी जागा फळ्याखाली.

बुधवार, १५ जून
जागा मिळाली! वरच्या गावातल्या एदेल्मिराबाई विधवा आहेत. म्हणाल्या, “कुरणाचा कोपरा घे. तुझी आई माझ्या बाळंतपणाला धावून आली होती.”
विहिरीवर मात्र भांडण. वरच्या बायका म्हणाल्या, “आमच्या मुलांची शाळा अडवली, आमची लाकडं जाळता. अजून किती दिवस?” आमची क्लोरिंदाकाकू म्हणाली, “ते समुद्राला विचारा!” दोन्हीकडच्या हसल्या. मग काकू पाणी न भरताच परत आली.

शुक्रवार, १७ जून
फार मोठी चूक केली.
बाल्दोमेरो वेन्तेओकडे गेलो. सगळ्यात जास्त बैल त्याचे. तो हो म्हणाला तर गाव येतं. पातागोनियात मजुरीनं मेंढ्या कातरून आणलेले पैसे मी त्याच्या टेबलावर ठेवले.
“हे काय?”
“बैलांचं भाडं.”
तो बटाटे सोलत होता. सुरी खाली ठेवली. “माझे बैल तुला भाड्याचे वाटले? उचल ते! पातागोनियातल्या मेंढ्यांना सांग तुझं घर ओढायला.” त्याचे मुलगे खो खो हसले.
मला ठाऊक नाही का! अख्ख्या चिलोए बेटावर पोराटोरांना ठाऊक आहे. घर ओढायचं तर मिंगा — दारोदार जायचं, टोपी काढून मागायचं, आलेल्यांना जेवू घालायचं. आणि दिवसाला दिवस परत करायचा. पण ‘तू काय परत करणार? ना शेत, ना बैल’ असं कुणी विचारलं तर? त्या भीतीनं पैसे काढले. वाटलं, कुणाचे उपकार नकोत. तेच त्याला लागलं.

रविवार, १९ जून
काकू म्हणाली, “गाढवा! टोपी काढायला काय पैसे पडतात?”
पुन्हा गेलो. पावसात उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. “बाल्दोमेरोकाका, मंगळवारी घर ओढायचंय. मदत मागायला आलोय.” त्यानं मला बराच वेळ भिजू दिलं.
“दिवस देईन. दिवस घेईन. मी सांगेन तेव्हा, सांगेन त्या कामाला. कबूल?”
“कबूल!”
मग आत बोलावून चिचाचा, सफरचंदाच्या दारूचा, पेला दिला.
नंतर आणखी एकवीस घरं फिरलो. एकानंही नाही म्हटलं नाही. मी यायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं जणू.

मंगळवार, २१ जून
घर चढलं!!
बैलांच्या सहा जोड्या, घराखाली ओंडके, एकाच दोराला वरचे आणि किनाऱ्यावरचे. “ओढ, ओढ, तुझी सासू बसलीय आत!” — हे कोण ओरडलं कळलं नाही, पण हसण्यात दोर ढिला झाला आणि घर हातभर मागे आलं. एक खिडकी फुटली, बाकी काही नाही. काकूनं पहाटेपासून बटाट्याच्या भाकऱ्या थापल्या. मी पातागोनियाच्या पैशांतून दोन मेंढ्या घेऊन कापल्या. अकॉर्डियनही वाजलं.
जेवताना बाल्दोमेरो देवळाच्या कारभाऱ्याला म्हणाला, “एक घर वर आलं तर चालतं.” मी ऐकलं. आनंदात होतो, विचार केला नाही.

शुक्रवार, २४ जून
मोठी भरती आली. घर होतं तिथे आता पाणी.
मी सुखरूप. पण झोप लागत नाही. शाळेत अकरा कुटुंबांचं खोकणं असायचं. इथे फक्त पाऊस. दोन ताटल्या मांडल्या, मग एक परत ठेवली.
अजून वरचं कुणी घरी आलेलं नाही.

मंगळवार, २८ जून
सरकारी माणूस आला. शाळा रिकामी करायची. किनाऱ्यावरच्या सगळ्यांना बोटीनं मुख्य भूमीवर, पत्र्याच्या शेडमध्ये नेणार. वरच्या गावानं अर्ज केला होता म्हणे — मिंगाच्या आधीच.
काकू म्हणाली, “तू बोल ना रे. तू आता वरचा.”
गेलो. बाल्दोमेरो म्हणाला, “शाळा पोरांची आहे. त्यांचं वर्ष वाया चाललंय. तुला घेतलं ना वर? मग?”
तो खोटं बोलत नव्हता. काकूकडे न जाता मागच्या वाटेनं घरी आलो.

शुक्रवार, १ जुलै
दारावर थाप. बाल्दोमेरो! पहिल्यांदाच आला. आत ये म्हटलं, आला नाही.
“उद्या तुझा दिवस. माझी बैलगाडी घे आणि शाळेपाशी ये. त्यांचं सामान धक्क्यावर न्यायचंय.”
मी म्हणालो, दुसरं कुठलंही काम सांगा. नांगरट सांगा. लाकडं सांगा.
“सांगेन त्या कामाला, असं ठरलं होतं.”

शनिवार, २ जुलै
अकरा कुटुंबांची बोचकी मीच गाडीत भरली, मीच बोटीत चढवली. काकूनं आपलं बोचकं माझ्या हातात दिलं नाही.
बोट दिसेनाशी झाल्यावर बाल्दोमेरोनं पाठीवर हात ठेवला. “फिटला तुझा दिवस, शेजारी.”
एकवीस घरांचा एकेक दिवस अजून देणं आहे.