यांची उत्तरं

४ सप्टेंबर, सोमवार

आज नोकरीवर रुजू झाले. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, मानसोपचार विभागाला लागून संशोधनाची खोली आहे. टेबल खिडकीजवळ मिळालं. नैराश्यावरचं एक नवं औषध पाच देशांतल्या इस्पितळांत एकाच वेळी तपासायचं आहे. अजून ते कुणालाच दिलेलं नाही, सध्या नुसती आखणी चालू आहे. सगळ्यांची घड्याळं जुळवून बैठका ठरवायच्या, हे माझं काम. इथे आपण कामाला लागतो तेव्हा कुठे लोक जेवायला बसलेले असतात, तर कुठे अंथरुणं घालत असतात.

मोठ्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात, मला बरं वाटलं. नर्स मात्र बोलताना श्वास कधी घेते कळत नाही. डबा कुठे गरम करायचा ते तिनेच दाखवलं. म्हणाली, इथे शहाणं राहायचं असेल तर डॉक्टरांच्या आधी जेवून घ्यायचं. खूप दिवसांनी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच अशी घराबाहेर पडले आहे. धाकट्या बहिणीला फोन केला. तीही खूश झाली. म्हणाली, ताई, चार माणसांत राहशील, तोंड उघडशील.

७ सप्टेंबर, गुरुवार

इथली एक पद्धत आज कळली. सगळ्या देशांतले डॉक्टर एकाच आजाराला सारखेच गुण देतात की नाही, हे आधी पाहावं लागतं. नाहीतर पेशंट औषधाने सुधारला की डॉक्टरचा हात सैल होता, हे कळायचं कसं. म्हणून एका खोट्या पेशंटची मुलाखत चित्रित करून, खाली भाषांतर घालून सगळीकडे पाठवतात. खुर्चीत बसायचं काम नव्या माणसाचं. मागच्या वेळी खुर्चीत नर्स बसली होती, पण तिला मध्येच हसू फुटलं आणि सगळं वाया गेलं.

बाईंनी बजावलं होतं, सगळं रचून सांगा, खरं काही आणू नका. मला रचून बोलता येत नाही. संसारभर बोलणं यांचं आणि मान डोलावणं माझं. झोप लागते का, विचारलं. मग यांनी शेवटच्या आजारात दिलेली उत्तरं तशीच दिली. झोप नाही. अन्नावर वासना नाही. कशात जीव रमत नाही. शब्द यांचे, बोलण्याची ढबही यांचीच. उठले तेव्हा घसा बसला होता.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांचे गुण तंतोतंत जुळले. असं कधी होत नाही म्हणे. नर्स म्हणाली, अगं, नाटकात जा, इथे काय फायली हलवतेस. औषध घेऊन हळूहळू सुधारणारा पेशंटही दाखवायचा आहे, तेव्हा पुढच्या मुलाखती मीच द्यायच्या असं ठरलं.

घसा अजून धरलेला आहे. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. कामाच्या गडबडीत भूक मेली असेल.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी मुलाखत झाली. आज बरं वाटतंय अशी उत्तरं द्यायची होती. घरून पाठ करून गेले होते. झोपेचं विचारलं, तेव्हा आता लागते असं म्हणणार होते. तोंडातून आलं, डोळा मिटला की कुणीतरी छातीवर येऊन बसतं.

हे यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, विसरलात वाटतं, हरकत नाही, पुन्हा घेऊ. पुन्हा तेच आलं. शेवटी त्या म्हणाल्या, आवाज कशाला बदलता, तुमचा आहे तो बरा आहे.

मी आवाज बदलला नव्हता.

२० सप्टेंबर, बुधवार

एका परदेशी इस्पितळातून विचारणा आली. खुर्चीत बाई आणि बोलतो पुरुष, हा काय प्रकार. बाईंनी माझ्यासमोर मुलाखत लावली. ओठ माझे. आवाज यांचा. आजारातला नाही — त्यानंतरचा. रिकाम्या माठातून यावा तसा.

शेवटी विचारतात, जगावंसं वाटतं का. हे म्हणतात, मी बाजारात तरी कधी एकटा गेलोय का. हिला घेऊनच जाणार.

घरी असंच म्हणायचे, पिशवी माझ्या हातात देत. तेव्हा हसू यायचं.

बाई म्हणाल्या, चेष्टा पुरे झाली. ही चेष्टा नाही, असं सांगायचं होतं. पण तोंड उघडायची भीती वाटली.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

अन्न जात नाही. नुसतं पाणी उतरतं.

सोमवारची मुलाखत सगळे देश समोर असताना, थेट आहे. नर्स जवळ येऊन बसली. म्हणाली, काय अवतार झालाय गं तुझा, सोमवारी मी बसते खुर्चीत, या वेळी अजिबात हसणार नाही. मला हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं — नको, आम्ही येतो.

ती मागे सरकली. एवढी बडबडी बाई, पण दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकली नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

बहिणीचा फोन. उचलायला नको होता. मी बोलले नाही. ओठ हाताने दाबून धरले होते — तरी पलीकडे ती रडायला लागली. म्हणाली, भावोजी, ताईला सोडा.

यांचा माझ्यावर जीव होता. ते खोटं नाही. पण मला इतक्यात — मला नाही जायचं.

२४ सप्टेंबर, रविवार

घरी एकटी. दार लावून घेतलं आहे.

उद्या विचारतील, जगावंसं वाटतं का. उत्तर मी द्यायला हवं. यांनी दिलं तर —

आरशासमोर म्हणून पाहिलं. मी हो म्हणते. आवाज येतो, नाही.

मग भूक नसताना ताट वाढलं. घास कोंबला. चावते आहे तोवर — शांत. तोंडात घास असला की हे बोलत नाहीत. एरवी अखंड बोलणारा माणूस, पण पानावर बसला की मुका.

गिळलं की लगेच घशाशी येतात. म्हणून गिळायच्या आत पुढचा घास. एका हाताने जेवते, दुसऱ्याने लिहिते. चावता चावता मनात म्हणते — हो. हो. जगायचं आहे.

पातेलं पुसून घेतलं. डबे पाहिले, रिकामे. आता ताटात आहे तेवढंच — लहान घास — सावकाश — बोटाने निपटून —