कल्पना जयवंत देवरे

खडोली (सिल्वासा),
४ डिसेंबर १९९७

तीर्थरूप भगवंतमामांस जयवंतचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावत जा (हे माझं नव्हे, मामींचं सांगणं). माझी तब्येत उत्तम आहे, अब्रू तेवढी गेली.

भाचा धाग्याच्या कारखान्यात कम्प्युटर सांभाळतो, असं तुम्ही चारचौघांत सांगता ना? तर ऐका. मोठ्या ऑफिसात सर्व्हर नावाचं मुख्य यंत्र आहे, सगळ्यांची नावं त्यात. ती माझ्या टेबलावरच्या डेटाबेसातही दिसावीत, असं साहेबांनी फर्मावलं. पडद्यावर दोन पर्याय आले, इम्पोर्ट आणि लिंक. इम्पोर्ट म्हणजे नक्कल आपल्याकडे आणायची. लिंक म्हणजे इथे बसून थेट मूळ वहीतच लिहायचं. मी लिंक केलं आणि नक्कल आली असं समजलो. आपलीच नक्कल, कोण बघतंय, म्हणून स्टोअरमधल्या कल्पना शेवाळेचं आडनाव काढून तिथे माझं नाव-आडनाव घालून पाहिलं. रकान्यात मावतं का, एवढंच बघायचं होतं (बरोब्बर मावलं). जरा वेळ बघत बसलो आणि पुसायचं विसरून चहाला गेलो.

एक तारखेला सर्व्हरवरून हजेरीपत्रक छापून गेटवर लागलं. वॉचमन लाडू मागू लागला. कँटीनच्या बायडाबाई धुळ्याकडच्या, त्या सगळ्यांसमोर ओरडल्या, "कव्हय जयं रे भाऊ लगीन? आमले बलायं बी नही!" साहेबांनी तर लग्नासाठी एकही रजा घेतली नाही म्हणून माझं कौतुक केलं.

हसून लिहितोय, पण मामा, फार वाईट वाटतंय. कल्पना भांडली असती तर बरं झालं असतं. ती कागद घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "तीन वर्षं माझ्या डब्यातली मेथी खाल्लीत. मला नाही विचारलंत, सर्व्हरला आधी सांगितलंत?" मी सॉरी म्हणालो आणि तिचं नाव पूर्ववत केलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
जयवंत

ता. क. तुमच्या जळगावच्या तेलगिरणीत कम्प्युटर घेणार होते ना? माझ्यासाठी शब्द टाका. पगार कमी चालेल, पण मेच्या आत जमवा.

आणखी एक ता. क. मेच्या आत अशासाठी, की कल्पनाचं मेमधलं लग्न गेल्याच महिन्यात नाशिकला ठरलंय (हेही तिनं त्याच दिवशी सांगितलं). आणि लग्नानंतर बायकांची नवी नावं भरायचं काम इथे माझ्याकडे आहे.