मागच्या सीटवरची फुलं

३ नोव्हेंबर, सोमवार
अकोट ते अमरावती. सरासरी लिटरला साडेचौदा किलोमीटर. कुठे गेली ती बावीसची सरासरी?
गजाननच्या मळ्यातून झेंडू आणि शेवंती उचलली. सहा गाठोडी, नेहमीसारखी मागच्या सीटवर, वरून ओलं पोतं, एसी पूर्ण. धाकट्या भावाचा मळा, बायको सिंधूचं हारांचं दुकान आणि मधला हमाल मी. रिटायर माणसाला बरं असतं.
अंजनगाव मागे पडलं आणि समोर लाल त्रिकोण पेटला. हायब्रीड बॅटरी. चार्जच्या आठ पट्ट्या होत्या त्या बघता बघता दोनवर आल्या. दर्यापूरपर्यंत पुन्हा सात. मग परत दोन. हे लक्षण चांगलं नाही.
एवढंच बरं की मागच्या सीटपाशी तो पंखा घरघरायचा, तो गेल्या आठवड्यापासून गप्प आहे. डोक्याला शांती.
मार्चमध्ये अकोल्याला सलीमने, माझ्या आयटीआयपासूनच्या दोस्ताने, हिचे मेलेले सेल काढून दुसऱ्या गाडीतले चांगले सेल बसवून दिले होते. म्हणाला होता, "दोन साल हिच्याकडं पाहू नोको." आठ महिने झाले फक्त.
सिंधूला काही बोललो नाही. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू. तिला आता गाडी रोज लागेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सलीमला फोन केला.
"मांगच्या सीटवर काई ठेवतं का बे?"
"फुलं."
"सीटच्या बाजूले जाळी आहे, तिच्यावर तं नाई येत ना?"
"सलीम, छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात वायरी जोडल्या म्या. मले जाळी शिकवतं का?"
हसला. "मंग आन गाडी. पन पंधरा दिवसानं. घरी पोराच्या लग्नाची घाई चालू हाय."
इम्रानचं लग्न. चौदा डिसेंबर. नवरदेवाचा फुलांचा सेहरा सिंधूच करणार, हे इम्रान पाळण्यात होता तेव्हाच ठरलेलं. सलीमच्या निकाहाचा सेहरा माझ्या आईने ओवला होता.
पण पंधरा दिवस? माझी गाडी आता बंद पडते आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सरासरी बारा. डिझेलचा खटारा बरा.
राजापेठच्या सिग्नलला एरवी ही गाडी आपोआप चूप होते. आज इंजिन बोंबलत राहिलं, मग दोन आचके, मग बंद. मागे सगळे हॉर्न. एका बाईने स्कूटी थांबवून विचारलं, "काका, ढकलू का?" दोघा रिक्षावाल्यांनी ढकलली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून दिल्या आणि भर चौकात माझी ही शोभा.
मांडवात फुलं तासभर उशिरा पोचली. मांडववाला सिंधूला चार माणसांत बोलला. ती ऐकून घेऊन आली, मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं होतं.
संध्याकाळी आयटीआयच्या ग्रुपवर लिहिलं: "सलीमने माझ्या गाडीत भंगारातले सेल बसवले. आठ महिन्यांत गेले. हायब्रीडवाल्यांनो, जपून."
एकेचाळीस जण आहेत ग्रुपवर. पाठवल्यावर बरं वाटलं. डायरीत खोटं कशाला लिहू.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून अंगठे आणि हसरे चेहरे. अकोल्याच्या प्रकाशच्या दोन हायब्रीड टॅक्सी आहेत, तो त्या याच महिन्यात सलीमकडे टाकणार होता. त्याने लिहिलं: "बरं सांगितलं भाऊ. माझ्या दोन्ही गाड्या आता नागपूरलेच पाठवतो."
सलीमचा एक शब्द नाही.
दुपारी जेवून उठलो तर ग्रुपवर बारीक अक्षरात ओळ: सलीम यांनी ग्रुप सोडला.
सोडला तर सोडला. खरं टोचतंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सिंधूला कळलं. प्रकाशच्या बायकोने फोन केला म्हणे.
"तुमी सलीमभाऊशी बोल्ले का, का नुसतंच लिवलं?"
"पंधरा दिवस थांब म्हणे तो."
"अन् तुमाले पंधरा दिवस नाई थांबवलं."
मी पेपर उघडला.
"आता सेहऱ्याचं काय?"
पेपरमध्ये काहीच नव्हतं. तरी शेवटच्या पानापर्यंत वाचला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
इथल्या एका मोठ्या गॅरेजला नेली. एसी ऑफिस, पाण्याची बाटली. पोरसवद्या इंजिनियरने लॅपटॉप जोडला, दोन मिनिटं पाहिलं. "काका, पूर्ण बॅटरी नवीन टाकावी लागेल."
"उघडून तर पाहा."
"उघडायची गरजच नाही ना काका."
गाडी घेऊन परत आलो. न उघडता निकाल देणारा मेकॅनिक मला कधीच आवडला नाही. डेपोत अशांना मी
(इथे पेन थांबला. मीही कुठे उघडून पाहिलं?)

१६ नोव्हेंबर, रविवार
उघडली.
आधी बॅटरीचा सेफ्टी प्लग काढला, रबरी हातमोजे घातले, दहा मिनिटं थांबलो. एवढं तरी विसरलो नाही. मग मागची सीट काढली. सिंधू पायरीवर दोडीची भाजी निवडत बसली होती.
सीटच्या बाजूची जाळी काढली. तिच्यामागे एक नळी, नळीच्या टोकाला पंखा. हाच पंखा गाडीतली गार हवा ओढून बॅटरीला देतो. पंखा दिसेचना. पाकळ्या. झेंडूच्या, शेवंतीच्या, वाळून काळ्या पडलेल्या. त्यांच्यात पोत्याचे धागे गुंडाळलेले, वर मळ्यातली काळी माती थापलेली. बोटाने फिरवला, फिरेना. तो शांत झाला होता तो यामुळे. आणि मी म्हणत होतो, डोक्याला शांती.
पोत्याचं पाणीही आत गेलेलं. सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या झाल्या आहेत. दोन सेल फुगलेत.
फुलांना गारवा मिळावा म्हणून एसी लावला आणि बॅटरीचं नाकच ओल्या पोत्याने दाबून धरलं. आठ महिने. आठवड्यातून तीनदा. अकोटच्या रस्त्याला सगळे माळी ओलं पोतं टाकूनच फुलं नेतात, पण टेम्पोत नेतात. टेम्पोला नाक नसतं.
सिंधू उठून आली. वाकून पाहिलं. परातीत काढलेल्या पाकळ्यांत हात घातला.
"ही दसऱ्याची व्हय. हा बारका झेंडू फक्त दसऱ्याले आनला होता."
मग माझ्याकडे पाहिलं. "सलीमभाऊनं इचारलं होतं ना जाळीचं?"
"हो."
"मंग?"
मंग काय. लाज वाटली. साठाव्या वर्षी, अंगणात, हातमोजे घालून उभा असताना.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सलीमला चार फोन. उचलला नाही. पंखा धुऊन पुसून बसवला, फिरतो. बॅटरी तशीच लंगडी.
ग्रुपवर लिहायला बसलो. "थोडा गैरसमज झाला" असं लिहिलं, खोडलं. "तांत्रिक कारणामुळे" लिहिलं, खोडलं. वाईट लिहिताना एकदाही खोडलं नव्हतं.
आयटीआयला असताना आमच्या दोघांत एक पकड होती. इन्सुलेशनची, लाल मुठीची. सोम, बुध, शुक्र माझ्याकडे, बाकी त्याच्याकडे. परीक्षेच्या दिवशी माझी पाळी होती. त्याचं काम आधी आलं म्हणून मी त्याला दिली, त्याने अर्ध्यात जॉब थांबवून मला परत आणून दिली. दोघंही काठावर पास झालो. हे कुणाला सांगायचं म्हणून लिहीत नाही. आठवलं म्हणून.

१९ नोव्हेंबर, बुधवार
टाकलं ग्रुपवर. जसं टाकलं तसं इथे उतरवतो:
"सलीमचे सेल चांगले होते. मी बॅटरीच्या हवेच्या जाळीवर आठ महिने ओलं पोतं ठेवलं. पंखा पाकळ्यांनी बंद पडला, सेल तापले, पट्ट्या सडल्या. सलीमने मला फोनवर जाळीचं विचारलं होतं. मी ऐकलं नाही आणि त्याला बदनाम केलं. चूक पूर्ण माझी. वासुदेव."
सोबत परातीतल्या पाकळ्यांचा फोटो.
हसरे चेहरे आले नाहीत. पाच अंगठे. एकाने हात जोडले.
प्रकाशला वेगळा फोन केला. "आता काय बोलू भाऊ, गाड्या तं गेल्या बी नागपूरले. ॲडव्हान्स बी देल्ला." म्हणजे लिहिलेलं पुसता येतं, झालेलं नाही.
ग्रुपचं पुन्हा यायचं आमंत्रण सलीमला पाठवलंय म्हणे. तो आला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
अमरावती ते अकोला. मागची सीट रिकामी, एसी चालू, साठच्या वर नेली नाही. सरासरी सोळा. मूर्तिजापूरला थांबून बॅटरीला विसावा दिला. मलाही हवा होता. तिथपर्यंत काय बोलायचं ते ठरलं होतं, बोरगाव मंजूला विसरलो.
सलीम दुकानात डबा खात होता. उठला नाही. एरवी मी बसायच्या आत चहा सांगतो. मी पाकळ्यांची पिशवी त्याच्यासमोर ठेवली.
"हे पंख्यातून निंघालं. तुहे सेल खराब नव्हते. म्या खराब केले."
पिशवी उचलून उजेडात धरली. "मले मालूम होतं."
"मंग बोल्ला काहून नाई?"
"तू इचारलं कुठी? तू तं लिवलं."
मी म्हटलं, चुकलो. त्याने डबा बंद केला, हात धुतले.
"दोन गाड्या गेल्या माह्या, वासू. प्रकाशच्या. त्यायच्या भरोशावर म्या..." लग्नघर आहे, ते मला कळतं.
मग गाडीची मागची सीट काढून आत डोकं घातलं. त्याचं काम पाहत उभा राहिलो. हात तेच, फक्त आता चष्मा कपाळावरून खाली ओढावा लागतो.
"पंखा चांगला धुतला."
"हो."
"आंदी धुवायचा होता."
किती सेल वाचतील ते सांगता येत नाही म्हणाला. एकेक भरून, रिकामा करून, परत भरून पाहावा लागतो. लग्नाआधी होईल का? "पाहू."
चावी त्याच्या हातात दिली. त्याने ती खिळ्याला टांगली, जिथे सगळ्यांच्या टांगतो तिथे. चहा आला नाही. सेहऱ्याचं मी काढलं नाही, त्याने काढलं नाही.
एसटीने परत. खिडकीची जागा मिळाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आठवडाभर एसटी आणि रिक्षा. कंडक्टर ओळखीचा निघाला, फुलांची गाठोडी मागच्या बाकाखाली ठेवू दिली. सिंधूच्या ऑर्डरी वेळेवर पोचताहेत. माझ्या कमरेचं कुणी विचारू नका.
सलीमचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढला होता.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी सलीमचा फोटो आला. त्याच्या दुकानातलं लांब टेबल, त्यावर सगळे सेल ओळीने, प्रत्येकावर खडूने नंबर. काहींवर बरोबरची खूण, काहींवर फुली, सहा-सातांवर नुसतं टिंब. खाली एक शब्द नाही. टिंब म्हणजे काय ते मला माहीत आहे. डेपोत आम्हीही असंच करायचो. अजून ठरलं नाही.
उत्तर काय द्यावं? "छान" लिहिलं, खोडलं. शेवटी "पाहिलं" एवढंच पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच झाल्या.
ग्रुपवर तो अजून नाही.
दुपारी दुकानात गेलो तर सिंधू फोनवर गजाननला सांगत होती: तेरा तारखेला लाल गुलाब, देठ लांब पाहिजे, पांढरी शेवंती बारकी, दोन्ही ताजं.
"कशाले?"
"सेहऱ्याले."
"सलीमनं कुठं सांगितलं?"
"त्यानं नाई बी नाई सांगितलं." आणि दोऱ्याचं रीळ उलगडत, "आन नाई लागला तं देवाले घालीन. पन चौदा तारखेले सकाळी तुमी तो घेऊन अकोल्याले जाता. गाडी असो नाई तं नसो."
"एसटीत?"
"मांडीवर घ्याचा. आन ओलं पोतं घरीच ठेवा."
बरं म्हटलं. अकोल्याची पहिली गाडी सव्वासहाला सुटते. उजव्या बाजूला बसायचं, ऊन लागत नाही.