सहावा वार

बाबा, तुमच्या अंगठ्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता मी बोलायला बसलोय, तेही एका खेळापायी. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काई कामधंदा नाई का तुले?"

तुमची नात, जिने तुम्हाला पाहिलंच नाही, सतरा वर्षांची झाली. दर रविवारी दुपारी तिच्या तीन मैत्रिणी वर्ध्याच्या आमच्या घरी जमतात. टेबलाभोवती बसून प्रत्येकीने एक पात्र घ्यायचं, एकीने गोष्ट सांगायची, आणि पात्राचं जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. या वेळची गोष्ट तलवारबहाद्दरांची आहे. जहाजं, गच्चीवरून उड्या, शत्रूला टोमणे मारत झुंजणं. असल्या गोष्टीला कोणते नियम शोभतील, यावर त्यांचं एकमत होईना, म्हणून पोरीने नियमांची तीन पुस्तकं छापून माझ्यापुढे टाकली. "पप्पा, तुमीच निवडा. आजोबाच्या दंडारीत तुमी तलवार खेळत होते ना?"

खेळत होतो. आंजीची आपली दंडार, गावच्याच माणसांनी उभं केलेलं नाटक. तुम्ही सुतार, म्हणून तलवारी तुमच्याच हातच्या, सागाच्या, वर चांदीचा कागद. राजा तुम्ही, सेनापती मी. झुंजीची गिनती पक्की होती. चार वार तलवारीवर तलवार, पाचव्याला तुम्ही खाली वाकणार, माझी तलवार डोक्यावरून जाणार, मग उजवा हात जमिनीला टेकून तुम्ही उठणार. "पाच म्हंजे पाच," तुम्ही रंधा मारता मारताही बजावायचात. "तलवार दिसली पाहिजे, लागली नाई पाहिजे."

पहिलं पुस्तक जाडजूड निघालं. त्यात प्रत्येक जखम मोजायची. एक झुंज संपेस्तोवर दोनदा चहा होतो. दुसऱ्यात जितकी फुशारकी मोठी तितके फासे जास्त, ते मैत्रिणींना आवडलं. तिसरं जेमतेम बारा पानांचं. त्यात एक नियम आहे: सोबत्याचा फासा उलटा पडला तर ती चूक आपण आपल्यावर घ्यायची, जखम आपल्या कागदावर मांडायची, आणि कोणी काही विचारायचं नाही. ते पान मी परत परत वाचलं.

ती दुपार अजून दिसते. दंडारीची तालीम आहे. बाजाराचा दिवस, त्यामुळे अर्धं गाव खळ्यावर जमलंय. मी बावीस वर्षांचा आणि अक्कल गुडघ्यात. पाचवा वार होतो, शिट्ट्या वाजतात, तुम्ही हात टेकता, आणि माझी तलवार पुन्हा खाली येते. लाकूडच ते, पण अंगठ्याचं हाड मोडलं. माणसं धावली. तुम्ही हात धोतरात गुंडाळत म्हणालात, "गिनती माहीच चुकली. पोराचा दोष नाई." अंगठा वाकडाच सांधला. रंधा धरवेना, मग हळूहळू गिऱ्हाइकं तुटली. दंडारीत तुम्ही परत उभे राहिला नाहीत. पुढच्या वर्षी तुमची तलवार माझ्या हातात दिलीत आणि एवढंच म्हणालात, "सांभाळून ठेवजो." मला तेव्हा रडू आलं होतं, पण मी पाय धरले नाहीत. माफी मागायला पुष्कळ वर्षं आहेत असं वाटायचं.

मागच्या रविवारी तिसरं पुस्तक खेळून पाहिलं. एक गडी कमी होता म्हणून मी बसलो. माझा फासा उलटा पडला, माझा माणूस गच्चीवरून कोसळणार, तोच पोरगी म्हणाली, "हे माझ्यावर," आणि हसत स्वतःच्या कागदावर जखम मांडली. क्षणभरही विचार केला नाही तिने. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला.

बाहेर येऊन सांगितलं, दुसरं पुस्तक घ्या, हे नको. "काऊन?" तिने विचारलं. "याच्यात गोंधळ होते," मी म्हणालो. तिने तिसरं पुस्तक बाजूला ठेवलं, तिला तेच आवडलं होतं हे दिसत होतं.

हा कागद तुमच्या तलवारीसोबत कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार. गिनती तुमची चुकली नव्हती, बाबा. माझीही नाही. पाच झाले हे मला माहीत होतं. शिट्ट्या थांबू नयेत म्हणून मी सहावा मारला.