हिरव्या अंजिरांचा मुरंबा आणि माझी अब्रू

आयवालिक, रविवार

प्रिय मुअल्लाताई,

तुझे हात ओठांना आणि कपाळाला लावते. गुडघा कसा आहे? भाऊजींनी मीठ सोडलं का? (सोडलं असंच ते सांगतील. तू ऑलिव्हची बरणी तपास.) मी सुखरूप आहे. आज सकाळी दहा ते अकरा मात्र नव्हते.

माझ्या दर गुरुवारच्या मैत्रिणी, गुलसेरेन आणि तुर्कान, मला वाढदिवसाचा नाश्ता द्यायला घेऊन गेल्या. कुठे, ते सांगेनात. गाडी डोंगराकडे वळली तेव्हा शंका आली, आणि हाजेरबाईंच्या न्याहारीच्या बागेसमोर थांबली तेव्हा मी गाडीतून उतरायलाच तयार होईना. आता तुला सांगायलाच हवं. अकरा वर्षं या दोघींना मी जो हिरव्या अंजिरांचा मुरंबा 'आईकडून शिकलेला' म्हणून खिलवते, तो दर जूनमध्ये याच बागेच्या मागच्या दारातून विकत आणते. (बरण्या माझ्या असतात. तेवढं खरं आहे.)

अक्रोडाखाली लांबलचक टेबल मांडलं होतं. सात तऱ्हांचं चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, टोमॅटो-अंड्याची गरम कढई, मध आणि त्यावर जाड साय. हवं ते, हवं तितकं घ्यावं. मी काहीच घेतलं नाही. मुरंब्याचा वाडगा दिसू नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. (एक गृहस्थ तीनदा म्हणाले, "बाई, जरा सरकता का?" त्यांना मी काकडी वाढली.) शेवटी तुर्कानने माझ्या काखेखालून हात घालून चमचा मारलाच. "अगं, तळाशी तमालपत्र! नेव्हिन, हा तर तुझा मुरंबा!" मी म्हटलं, तमालपत्र काय, कोणीही घालेल. "तूच म्हणतेस ना, हे आईचं गुपित," गुलसेरेन म्हणाली. "चोरलं की काय या बागेच्या मालकिणीने? बोलवा तिला!"

हाजेरबाई चहाची किटली घेऊन आल्या. त्यांच्या डोक्यावरच पाटी होती: 'सारं काही याच चुलीवर, याच हातांनी.' त्यांनी मला ओळखलं. मी डोळे मिटले. "हा मुरंबा कोणाचा?" तुर्कानने दरडावलं. "या बाईसाहेबांचाच," हाजेरबाई घाईघाईने म्हणाल्या. "मी कसली करतेय!" मी म्हटलं, "छे छे, तुमच्यापुढे मी कोण!" त्या म्हणाल्या, "देवाशप्पथ, माझा यात हातसुद्धा नाही!" ताई, आपल्याकडे जी जास्त नाही म्हणते तिचाच मान मोठा. आम्ही दोघी चार-चारदा नाही म्हणालो, आणि प्रत्येक 'नाही' खरं होतं. गुलसेरेनचे डोळे भरून आले. "स्वतःचं गुपित या गरीब बाईला शिकवलंस आणि कधी बोलली नाहीस!"

मग मात्र मी जेवले. मध-साय चारदा. कढई पुसून. नवव्या ग्लासावर 'आता पुरे' म्हणून चमचा आडवा ठेवला, तेव्हा कुठे चहा थांबला. निघताना हाजेरबाईंनी मला फाटकाशी धरलं. मुरंबा त्या करतच नाहीत. वरच्या वाडीतली एक विधवा करून द्यायची. डोक्यावर ती पाटी, त्यामुळे तुर्कानने दरडावताच आपलंच पितळ उघडं पडलं असं त्यांना वाटलं होतं. "वाचवलंस गं लेकी," त्या म्हणाल्या. आम्ही गळ्यात गळा घालून रडलो. मैत्रिणी लांबून कौतुकाने बघत होत्या.

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुझी धाकटी,
नेव्हिन

ता. क. येत्या गुरुवारी दोघी माझ्याकडे मुरंबा शिकायला येणार आहेत. तुर्कानने पाच किलो अंजीर सांगूनही ठेवले. ती विधवा मुलीकडे इझमीरला राहायला गेली. आईच्या चुलीशी तूच उभी असायचीस. उलट टपाली कृती कळव. 'अंदाजाने' हा शब्द वापरू नकोस.

ता. क. दुसरा. तुला दरवर्षी पाठवते त्या बरण्याही तिथल्याच. 'अगदी आईची चव' असं तू दरवेळी लिहितेस, त्यावरून वाटतं, तुलाही कृती ठाऊक नसावी. तसं असेल तर तुमच्या बुर्साच्या बाजारातून याच मुरंब्याच्या सहा बाटल्या घे, लेबलं भिजवून काढ आणि बुधवारच्या बसने पाठव. पाच किलो अंजीर 'चुकून' करपवायचं काम माझ्याकडे लागलं.