खरवसाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. बारामती

लासुर्ण्याहून माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा फोन. रविवारी जन्मलेलं वासरू हगवणीनं गेलं.

कॉलेजात दर वर्षी मीच शिकवते. वासरांना हगवण लावणाऱ्या जंतूंच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांनी ते आतड्याला धरून बसतात, हगवणीतही वाहून जात नाहीत. जन्मल्याबरोबर पाजलेला चीक ती पकड बसू देत नाही.

रविवारी मी गोठ्यातच होते. "गाईची वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाय," तात्या म्हणाले. वार पडायला दुपार झाली, तोवर वासरू उपाशी. मी गप्प. मोठ्या माणसाला काय शिकवायचं, म्हणून? निघताना मात्र खरवसासाठी डबाभर चीक मागून घेतला. डबाभर.

फोन ठेवताना तात्यांनी विचारलं, "खरवस झाला का गं चांगला?"

मी हो म्हटलं. डबा ओट्यावर घासून पालथा घातलेला होता.